दोन जावांची इच्छापत्रं

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

बोर्ड लागला. वर हिंदीत मोठ्या अक्षरांत ‘वसीयत एवं नामांतरण सहायता’, खाली मराठीत ‘इच्छापत्र, वारसाहक्क आणि कागदपत्रांच्या कामात मदत’. बंद करून घेतलेल्या गॅलरीत एक टेबल, चार खुर्च्या आणि कुलपाचं एक कपाट. एवढंच ऑफिस.

चौदा वर्षं बँकेत मयत खातेदारांच्या टेबलावर बसले. माणूस गेल्यावर घरातली माणसं माझ्यासमोर येऊन बसायची. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सापडतील ते सगळे कागद. कुठला कागद कशाचा तेही ठाऊक नसायचं. एक सही आधी झाली असती तर यांची वर्षभराची वणवण वाचली असती, असं दर आठवड्याला वाटायचं. मार्चमध्ये लांबची बदली निघाली तेव्हा राजीनामा दिला. आता माणूस असतानाच त्याच्या घरी जायचं ठरवलंय.

माझ्या नवऱ्याला, परागला, यात काही रस नाही. बोर्डाकडे बघून ‘मराठी अक्षर बारीक झालंय’ म्हणाला आणि कारखान्यात गेला.

कोणी आलं नाही.

८ ऑगस्ट

आजही नाही. समोरच्या बाई डोकावून गेल्या. म्हणाल्या, अवधपुरीत लोक आत्ता कुठे नवीन घरं बांधून राहायला येतायत, आणि तू त्यांना मरायची आठवण करून देतेस होय. मी हसले, पण नंतर दुपारभर तेच डोक्यात. चव्वेचाळिसाव्या वर्षी चांगली नोकरी सोडून मी काय करून बसले आहे, हे मलाच नीट सांगता येत नाही.

बोर्ड सकाळी वाकडा होता, संध्याकाळी सरळ दिसला. परागला विचारलं तर म्हणाला वाऱ्यानं झाला असेल. वाऱ्यानं वाकडा होतो हे ठीक. सरळ कसा होतो?

१२ ऑगस्ट

पहिलं काम आलं. परागच्याच शॉपमधले, म्हणजे कारखान्यातल्या विभागातले, एक फोरमन, निवृत्तीला आलेले. पाठोपाठ आणखी एक, तेही त्याच शॉपमधले. योगायोग म्हणायचा.

एक गोष्ट लक्षात आली. ‘मृत्युपत्र’ म्हटलं की माणूस घड्याळ बघतो. ‘इच्छापत्र’ म्हटलं की नीट बसतो. ‘वसीयत’ म्हटलं की चहा घेतो. यापुढे तो पहिला शब्द या घरात काढायचा नाही. मसुदे विक्रांत वकील तपासून देणार आहेत. ते म्हणतात, कायदा मी बघतो, तुम्ही माणसं बघा.

१४ ऑगस्ट

दोन गल्ल्या सोडून एक दुमजली घर आहे, पांढरं, हिरव्या खिडक्यांचं. आज तिथल्या वरच्या मजल्यावरून फोन आला. लीलावतीकाकू, वय एक्याऐंशी. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून मीच गेले.

त्यांचे यजमान आणि धाकटे दीर शंकरराव दोघं नागपूरकडून इथं हिंदी मुलखात येऊन कारखान्यात लागले. भावाभावांनी मिळून हे घर बांधलं. वरचा मजला थोरल्याचा, खालचा धाकट्याचा. दोघे भाऊ आता नाहीत. वर लीलावतीकाकू, खाली त्यांची जाऊ सुमित्राकाकू. लीलावतीकाकूंना एक मुलगा, मंदार, पुण्यात असतो. सुमित्राकाकूंना मूलबाळ नाही.

आणि या दोघी जावा गेली अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. एक शब्द नाही. हे मला कामवाल्या बाईनं जिन्यात सांगितलं, आणि काकूंनीही लपवलं नाही. सुमित्राकाकूंचं नावसुद्धा घेत नाहीत. ‘खालची’ म्हणतात.

मग म्हणाल्या, ‘माझ्यामागं हा मजला मंदारलाच जायचा. पण खालची आहे तोवर त्यानं तो विकायचा नाही, पाडायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही. खालची जिवंत असेपर्यंत वर तिचाच हक्क. असं लिहिता येतं का?’

मी म्हटलं, येतं. हयातीपुरता हक्क म्हणतात त्याला. पण का, ते विचारलं.

‘तिच्या डोक्यावर परकी माणसं नाचायला नकोत,’ त्या म्हणाल्या. ‘तिला आवाजाची सवय नाही. मी हलकी चालते.’

एक काळजी वाटते. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि कुठंतरी बघत राहिल्या. खालून कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, मग जिथं वाक्य सोडलं होतं तिथून पुढं बोलायला लागल्या. असं दोनदा झालं. लक्ष टिकत नसावं. उद्या कोणी म्हणालं की म्हातारीला समजत नव्हतं, तर सगळं इच्छापत्र कोसळेल. डॉक्टरांचा दाखला घ्यायला हवा.

१९ ऑगस्ट

आज दारात कोण उभं? सुमित्राकाकू. शहात्तर वर्षांच्या, काटक, पायी आलेल्या. शिवाजी नगरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवायच्या. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाल्या, ‘विनिता, वरच्या बाईंकडे तू गेली होतीस म्हणे. त्यांनी काय सांगितलं ते मला नको. मी काय सांगते ते त्यांना नको.’

खालचा मजला त्यांना लीलावतीकाकूंना द्यायचा आहे. मी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, ‘गुडघे आहेत त्यांचे. मी गेल्यावर तरी खाली राहता यावं. त्यांच्यानंतर मंदारला.’

हा धंदा असा आहे की दोघींच्या मनातलं मला ठाऊक आणि मला तोंड उघडता येत नाही. नियमाप्रमाणे मी पुढचा प्रश्न विचारला, की लीलावतीकाकू आधी गेल्या तर? सुमित्राकाकूंनी माझ्याकडे वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि विषय बदलला.

संध्याकाळी एका सहीसाठी त्यांच्या घरी गेले होते. तिथंही त्या मध्येच उठून अंगणात गेल्या, वर बघून परत आल्या. कपडे वाळले का बघितलं, म्हणाल्या. दोरीवर कपडे नव्हते. वरच्या गॅलरीत लीलावतीकाकूंच्या खोलीतला दिवा तेवढा लागला होता. या वयात विसरायला होतं, त्यांचाही दाखला घ्यावा का असा विचार करतेय.

रात्री जेवताना परागला म्हटलं, इतकं प्रेम मनात आणि अकरा वर्षं अबोला, किती वाईट आहे. मी या दोघींना बोलतं करणार. पराग म्हणाला, तुझं काम कागदाचं आहे ना? त्याला माणसांतलं कळत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या बसल्या. दोघींच्या घरी, म्हणजे खालच्या हॉलमध्ये. घरात सवाष्ण नाही म्हणून पूजेला मला बोलावलं. बोलावणं दोनदा आलं, एक फोन वरून, दहा मिनिटांनी दुसरा खालून. दोन्ही ठिकाणी नऊची वेळ सांगितली.

लीलावतीकाकू जिना उतरल्या. एकेक पायरी, आडव्या होऊन, कठड्याला धरून. खाली येईपर्यंत ओठ निळसर झाले होते. सुमित्राकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, पण जिन्याशी आधीच खुर्ची ठेवलेली होती.

मग दोघी दोन मुखवट्यांसमोर बसल्या आणि साड्या नेसवायला लागल्या. शेजारी शेजारी, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, आणि शब्द नाही. एकीनं हात पुढं केला की दुसरी टाचणी ठेवते. एकीनं पदर धरला की दुसरी निरी दाबते. शेवटी बघितलं तर दोन्ही निऱ्यांची लांबी सारखी, पट्टीनं मोजल्यासारखी. मला रडू येत होतं. घरात सणाला दोन माणसं, आणि बोलायला भिंत.

एक गडबडही झाली. थोरली जाऊ कनिष्ठेला नेसवत होती आणि धाकटी ज्येष्ठेला. उलटं झालं खरं म्हणजे. मी चूक दाखवली नाही, सणासुदीला कशाला.

आरतीनंतर मी मुद्दाम म्हटलं, ‘काकू, पुरण कोणी केलंय? सांगा ना यांना, किती छान झालंय.’ दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. लीलावतीकाकूंनी दुसऱ्यांदा पुरण घेतलं. बस.

१२ सप्टेंबर

डॉक्टरांचा दाखला आणायला लीलावतीकाकू पंधरा दिवस टाळत होत्या. आज हातात ठेवला आणि दार लावायला सांगितलं.

बुद्धी, स्मरण, समज उत्तम, असं डॉक्टरांनी लिहिलंय. माझी शंका खोटी ठरली. पण खाली आणखी दोन ओळी होत्या. हृदयाची झडप निकामी होत आलीय, या वयात शस्त्रक्रिया शक्य नाही. मी वाचून होईपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

‘जूनमध्ये कळलं,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टर म्हणतात काही महिने. मंदारला दिवाळीत आला की सांगीन. खालचीला कळता कामा नये.’

मी विचारलं, का नको. त्या म्हणाल्या, ‘ती मग माझ्यासाठी काहीतरी करायला लागेल.’

मी शब्द दिला. घरी येताना वाटलं, दिला नसता तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर

मसुदा तयार आहे. लीलावतीकाकू म्हणतात, नवरात्र होऊन जाऊ दे, दसऱ्यानंतर सही करू. मी घाई करत नाही. करायला हवी का? सही होत नाही तोवर तो नुसता टाइप केलेला कागद. त्यांना मध्येच काही झालं तर वरचा मजला सरळ मंदारचा, आणि त्याच्याकडे बिल्डरचे फोन येतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

सुमित्राकाकू रोज सकाळी सहाला पाण्याची मोटर लावतात, वरची टाकी भरली की बंद करतात. आज मी जाताना त्या मोटरपाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, वरच्या बाईंकडे हल्ली पाणी कमी लागतं. मी ‘हो का’ म्हणून पुढे निघाले. कुणाशी इतकं खोटं कधी बोलले नव्हते.

२४ सप्टेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सुमित्राकाकू अकरा वाजता त्यांचा मसुदा वाचायला ऑफिसात आल्या. मी चहा टाकायला आत गेले. लीलावतीकाकूंची फाइल टेबलावर होती, दाखला सगळ्यात वर. फाइली मी कपाटात ठेवते, कुलूप लावते, बँकेपासूनची सवय आहे. आज ती बाहेर का राहिली, मला आठवत नाही. सकाळी मीच काढली होती एवढं आठवतं. चहालाही वेळ लागला. आलं सापडत नव्हतं, तसं आतून ओरडून सांगितलंही.

बाहेर आले तर सुमित्राकाकू उभ्या होत्या, कागद हातात. त्यांनी तो फाइलमध्ये परत नीट लावला, चष्मा काढला आणि चालू लागल्या. उन्हात, डोक्यावर पदर नाही, छत्री नाही. मी मागे धावले. त्यांनी मला हाका मारू दिल्या आणि थांबल्या नाहीत.

घरात शिरून त्या सरळ जिना चढल्या. कामवाली बाई भांडी घासायची थांबली. मी जिन्याच्या तळाशी उभी राहिले, वर जायचा मला हक्क नव्हता आणि बाहेर जायला पाय उचलत नव्हता.

‘वहिनी.’

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘किती दिवस झाले कळून?’

‘चौथा महिना,’ लीलावतीकाकू म्हणाल्या. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही.

‘म्हणजे पुन्हा तेच केलंत.’

आणि मग सुमित्राकाकू बोलत राहिल्या. आवाज चढला नाही त्यांचा, वर्गात गणित समजावून सांगावं तसं एकेक पायरीनं सांगत होत्या. शंकरराव आजारी होते तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. ते थोरल्या भावाला माहीत होतं, लीलावतीकाकूंना माहीत होतं, फक्त सुमित्राकाकूंना सांगितलं नव्हतं. बरे होतील या आशेवर त्या महिनाभर पथ्याचं करून घालत होत्या. ‘ते श्रीखंड मागत होते वहिनी. रोज मागायचे. लहान मुलासारखे. मी दिलं नाही, साखर वाढेल म्हणून. तुम्ही समोर बसून बघत होतात. मला माहीत असतं तर मी दिलं असतं.’

लीलावतीकाकूंचा आवाज आला. ‘भावजींनी शब्द घेतला होता माझ्याकडून.’

‘त्यांचा शब्द. आणि मी कोण होते?’

‘चुकलं,’ लीलावतीकाकू म्हणाल्या. ‘त्याच दिवशी कळलं होतं. चुकलं.’

मला वाटलं आता दोघी रडतील. कोणी रडलं नाही. कपाट उघडल्याचा आवाज आला.

‘उशी कुठली लागते तुम्हाला? ही का ती? दोन्ही घ्या. खाली चला.’

‘आत्ता?’

‘मी मेल्यावर तुम्ही खाली राहायचं, असं मी विनिताकडे लिहून ठेवलंय. तेवढी वाट बघायची नाही मला. चला.’

गादी मी आणि कामवाल्या बाईनं खाली आणली. लीलावतीकाकू सुमित्राकाकूंचा खांदा धरून उतरल्या, मध्ये तीनदा थांबून. माझ्याजवळून गेल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

२५ सप्टेंबर

सकाळी लीलावतीकाकूंचा फोन. माझी फाइल परत पाठव, म्हणाल्या. ‘विनिता, तुझ्या कामात गोष्ट पोटात ठेवता यायला हवी. तुझ्या जागी मी असते तर मी ठेवली असती.’ मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि फोन ठेवला.

फाइल मी स्वतः नेऊन दिली. दार सुमित्राकाकूंनी उघडलं. आतून लीलावतीकाकू विचारत होत्या, कोण आहे. सुमित्राकाकू म्हणाल्या, कुरियर.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. सही झालेली नाही. म्हणजे माझ्या चुकीनं दोघी एकत्र आल्या आणि माझ्याच चुकीनं सुमित्राकाकूंच्या डोक्यावरचं छत सुटू शकतं. उद्या लीलावतीकाकूंना काही झालं तर मंदारला अडवायला एक ओळसुद्धा नाही. विक्रांत वकिलांना विचारलं, त्यांना दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला सुचवू का? ते म्हणाले, सुचवा, पण त्या ऐकतील असं वाटत नाही. चिठ्ठी लिहून पाठवली. उत्तर नाही.

९ ऑक्टोबर

बोर्ड उतरवायचा म्हणून स्टूल आणलं. ज्याला दोन म्हाताऱ्यांची गोष्ट चार दिवस सांभाळता येत नाही त्यानं घराघरातली इच्छापत्रं सांभाळू नयेत. पराग चहाचा कप घेऊन बाहेर आला, स्टूल धरून उभा राहिला. उतर किंवा चढ, म्हणाला, मी धरलंय. मी बराच वेळ चढले नाही. मग तो म्हणाला की शॉपमधले तिवारीजी शनिवारी बायकोला घेऊन येणार आहेत, तोपर्यंत तरी राहू दे. हे लोक त्याच्याकडेच कसे बोलतात कोण जाणे. मी स्टूल आत ठेवलं.

१५ ऑक्टोबर

कामवाली बाई रस्त्यात भेटली. म्हणाली, दीदी, आपने क्या कर दिया, पहले घर में कितनी शांति थी. दोघी सकाळपासून भांडतात. मिठावरून, पंख्यावरून, १९८१ साली कुणी कुणाच्या लग्नाला कुठली साडी नेसली यावरून. औषधाच्या वेळेवरून तर रोज. सुमित्राकाकूंनी भिंतीवर तक्ता लावलाय आणि लीलावतीकाकू त्याला ‘वेळापत्रक’ म्हणून नावं ठेवतात. बाईला आता एकीला वरची आणि एकीला खालची म्हणता येत नाही, दोघीही खालच्याच.

२२ ऑक्टोबर, पाडवा

मंदार आला. ऑफिसात, एकटाच. पन्नाशीचा, थकलेला. मी मनात एक वेगळाच माणूस तयार केला होता.

बसल्या बसल्या म्हणाला, आईनं इच्छापत्र करायला घेतलं होतं असं ऐकलं, त्यात काय होतं? त्याला बिल्डरला उत्तर द्यायचंय. मी सांगितलं की कोणाच्या कागदात काय आहे ते मी बोलत नाही. तो म्हणाला, मी मुलगा आहे. मी म्हटलं, तरीही. त्यानं आणखी दोन तऱ्हांनी विचारलं. शेवटी म्हणाला, सगळ्या गल्लीला माहीत आहे तुम्ही काकूला काय सांगितलंत ते. मला तोंडावर मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, म्हणूनच आता सांगत नाही.

मग तो म्हणाला, ‘आईच्या आजाराचं मला काकूनं कळवलं. फोन उचलला तर काकू. अकरा वर्षांत तिनं आईबद्दल कधी फोन केला नव्हता. मला पाढे तिनंच शिकवलेत. मी घर विकायला बघतोय ते आईला पुण्याला न्यायचं म्हणून, पण मग काकूला कुठे ठेवू, तेच सुचत नाही.’ त्यानं हातांनी चेहरा पुसला. ‘आणि त्या दोघी इतक्या बोलतात की तीन दिवस मला झोप नाही.’

मी त्याला चहा दिला. काही सांगितलं नाही. फार अवघड गेलं.

२४ ऑक्टोबर

लीलावतीकाकूंचा फोन. ‘मंदारला तू काही सांगितलं नाहीस म्हणे.’ मी म्हटलं, नाही. ‘तीनदा विचारलं त्यानं?’ हो. मग म्हणाल्या, ‘कागद घेऊन ये. खाली ये, खाली आहे मी.’

१२ नोव्हेंबर, बुधवार

सह्या झाल्या.

आधी वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. पण दोघींनी एकमेकींची इच्छापत्रं मोठ्यानं वाचायला लावली, आणि शब्दाशब्दाला अडल्या. ‘सुमित्राबाई यांना हयातीपर्यंत वरच्या मजल्यावर राहू द्यावे’ इथं सुमित्राकाकू थांबल्या.

‘राहू द्यावे म्हणजे? कुणी द्यायचं?’

लीलावतीकाकू म्हणाल्या, पद्धत असते लिहायची.

‘असेल. मला कुणी राहू द्यायचं नाही. राहील असं लिही.’

लीलावतीकाकूंनी मला खूण केली. ‘राहील’ लिहिलं. पुढं सुमित्राकाकूंच्या कागदात लीलावतीकाकूंना ‘मोठी जाऊ’ म्हटलं होतं, ते त्यांना आवडलं नाही, मोठी म्हणजे काय जाडी का, म्हणाल्या. ‘थोरली’ केलं. मंदार पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता, त्याला अटी आधीच आईनं सांगितल्या होत्या. म्हणाला, मला मान्य आहे, फक्त काकूला सांगा, मलाही कधी वर राहायला येऊ द्या.

‘येशील’ असं लिही, सुमित्राकाकू मला म्हणाल्या. कायद्यात त्याला अर्थ नाही. मी पेन्सिलनं लिहून ठेवलं.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आले, आणि दुसरे कोणी मिळेनात तर परागनं अर्धा दिवस रजा टाकली. एकवीस वर्षांत त्यानं रजा टाकलेली आठवत नाही. कंपनीत सध्या काम कमी असावं.

निघताना लीलावतीकाकूंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं पुन्हा काही ऐकवतील. त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशी आलं खरंच सापडत नव्हतं का?’ सुमित्राकाकूंनी सांगितलं असणार. मी म्हटलं, हो, फडताळात मागे गेलं होतं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून बसल्या.

२० जानेवारी २०२६

लीलावतीकाकू काल सकाळी गेल्या. झोपेतच. सुमित्राकाकू पाण्याची मोटर बंद करून आत आल्या तेव्हा लक्षात आलं.

मी गेले तेव्हा त्या पलंगाशेजारी खुर्चीत होत्या. मला म्हणाल्या, ‘काल रात्री श्रीखंड मागितलं त्यांनी. मी वाटीभर दिलं. थंडीत कुणी श्रीखंड खातं का, पण दिलं.’ आणि मग रडल्या. मी तिथं उभी राहिले. मंदार संध्याकाळच्या विमानानं पोचला. परागनं सगळी धावपळ केली, गाडी, फुलं, माणसं. त्याला हे सगळं कसं येतं?

८ फेब्रुवारी

मंदार परत जायच्या आधी फाइल घेऊन बसलो. मृत्यूचा दाखला, इच्छापत्र, घराचे कागद. माझं पहिलं पूर्ण काम. बँकेत मी टेबलाच्या पलीकडे होते, तेव्हा हे कागद किती जड असतात ते कळलं नव्हतं. मंदारनं काकूंना पुण्याला चल म्हणून पुष्कळ आग्रह केला. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात ये, वर पंखे लावून ठेवते.

त्यांचं स्वतःचं इच्छापत्र आता बदलावं लागलं. एका ओळीचं काम होतं. ‘थोरली जाऊ’ ही ओळ काढायची, मंदारचं नाव वर घ्यायचं. त्यांनी ते मला करू दिलं नाही, स्वतः पेन घेऊन खोडलं, आणि मग विचारलं की खोडलेलं तसंच दिसलं तर चालेल का. मी म्हटलं, नवीन टाइप करावं लागेल, पण हा कागद तुमच्याकडे ठेवा.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वरच्या मजल्याच्या नामांतरणासाठी, म्हणजे मालक मंदार आणि हयातीचा हक्क काकूंचा अशी नोंद करायला, सुमित्राकाकूंना घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले. रांग फार नव्हती. खिडकीवरचा बाबू भला माणूस होता, कागद नीट लावलेले बघून खूश झाला. मग संगणकावर नावं भरायला लागला.

‘मृतक से आपका संबंध?’

‘जेठानी थीं मेरी,’ काकू म्हणाल्या, म्हणजे थोरली जाऊ.

त्यानं यादी खालीवर केली. पति, पत्नी, पुत्र, पुत्री, माता, पिता, भाई, बहन. ‘माताजी, जेठानी का ऑप्शन नहीं है. अन्य कर देता हूँ.’

‘अन्य नहीं.’

‘माताजी, उससे कोई फ़रक नहीं पड़ता.’

काकू खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. ‘सन पचहत्तर में ब्याह के आई,’ त्या म्हणाल्या. ‘पचास साल एक छत के नीचे रही हूँ उनके साथ. अपने आदमी के साथ भी इतना नहीं रही. अन्य मत लिखिए, भैया.’

मला मधे पडायचं होतं, नियम समजावायचे होते, बाबूलाही आणि काकूंनाही. नेहमी मी तेच करते. आज केलं नाही.

बाबूनं संगणकावर काय दाबलं ते मला दिसलं नाही. मग त्यानं पावती छापून घेतली, खिशातलं पेन काढलं, आणि समासात हातानं ‘जेठानी’ लिहून त्यावर शिक्का मारला. कागद काकूंकडे फिरवला. त्यांनी चष्म्यातून तो शब्द वाचला, मात्रा तपासली आणि खाली सही केली.

येताना रिक्षा केली. काकू कडेला बसल्या. काही बोलावं असं मला सारखं वाटत होतं, काम चांगलं झालं, आता काळजी नाही, असलं काहीतरी. नाही बोलले. कारखान्याची भिंत संपेपर्यंत दोघी गप्प होतो. माझ्या चष्म्यावर धुकं आल्यासारखं झालं होतं आणि मांडीवर फाइलींचा ढीग, हात मोकळा होत नव्हता. काकू बाहेरच बघत होत्या. बघता बघता त्यांनी माझ्या मांडीवरच्या फाइली उचलून आपल्या मांडीवर घेतल्या. मी चष्मा पुसला.